एका टोचणीला एक पट्टी

पेशंटच्या पाठीवर जितक्यांदा सुई टोचली जाई तितक्या पट्ट्या आमच्या वॉर्डातल्या अक्का चिकटवायच्या. सुई आत गेली, पाणी निघालं, एक पट्टी. सुई हाडावर अडकली, काढून पुन्हा घातली, दोन पट्ट्या. खरं तर दोन भोकं बोटभर अंतरावर असली की एकाच पट्टीखाली झाकली जातात आणि सगळीकडे तसंच करतात. अक्कांना ते पटत नसे. आडवी एक, तिच्याखाली आडवी दुसरी, आणि फारच गोंधळ झाला असेल तर तिसरी. सकाळी मोठे सर राउंडला आले की केसपेपर हातात घेण्याआधी पेशंटला कुशीवर वळायला सांगत आणि त्याच्या पाठीवरून आमची आदल्या दिवसाची कर्तबगारी वाचून टाकत.

मी तेव्हा धुळ्यातल्या एका रुग्णालयात मेडिसिन शिकत होते आणि मेंदूविकारांच्या वॉर्डात माझी नेमणूक होती. ताप डोक्यात गेलेला असो, झटके येत असोत, पायातली ताकद अचानक गेलेली असो, तिथे येणाऱ्या बऱ्याच जणांच्या पाठीतलं पाणी काढून तपासावं लागे. मेंदूभोवती जे पाणी असतं तेच पाठीच्या कण्यातून खाली आलेलं असतं. कमरेपाशी दोन मणक्यांच्या फटीतून लांब, बारीक सुई घालायची आणि थेंब थेंब बाटलीत धरायचे. पुस्तकातल्या चित्रात ती फट दाराएवढी दिसते. प्रत्यक्षात ती बोटांनी चाचपून शोधावी लागते, आणि सापडली असं वाटल्यावरही सुई जाऊन हाडावर आपटते. त्या वेळी कपाळावर जो घाम येतो तो मास्कमध्ये कसा उतरतो हे ज्याचं हुकलंय त्यालाच माहीत.

अक्का कागदावर कक्षसेविका होत्या. वॉर्डातल्या बाकीच्या सगळ्या जणी ‘मावशी’, या एकट्याच अक्का. वय पंचावन्नच्या पुढे, उंच, हाडापेराने मजबूत. सोनगीरच्या पलीकडच्या एका खेड्यातून रोज एसटीने येत आणि संध्याकाळी पाचच्या गाडीने परत जात. आमच्याशी दवाखान्यातली शुद्ध भाषा बोलायचा त्यांचा प्रयत्न असे, पण राग आला की मधेच ‘आहे’चं ‘शे’ आणि ‘सगळा’चं ‘बठ्ठा’ होई. पेशंटशी मात्र निव्वळ अहिराणी. मी बोदवडची. आमच्या पूर्वेकडच्या बोलीचा आणि त्यांच्या बोलीचा बाज निराळा, त्यामुळे पहिला महिनाभर त्या मला लाडाने हसायच्या आणि मी त्यांना रागाने.

पट्ट्यांवरून त्यांच्या विनवण्या करण्यात आमच्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या असतील. “अक्का, एकच लावा ना, आज सरांचा मूड बरा नाही,” असं कुणी म्हटलं की त्या हातातली कात्री थांबवून विचारत, “मंग बाकीची भोकं काय उंदरानं पाडली?” पुढे बोलण्यात अर्थ नसे. एकदा एका डॉक्टरने त्या पाणी प्यायला गेल्याचं बघून खालची पट्टी हळूच काढून टाकली. अक्का परत आल्या, पाठ बघितली, त्या जागी नवी पट्टी लावली आणि शेजारी आणखी एक. “ही कशाची?” असं त्याने विचारल्यावर म्हणाल्या, “लबाडीची.”

पाचोऱ्याचा एक डॉक्टर आमच्या बरोबर होता, त्याला सगळे भाऊ म्हणत. हुशार होता, पण तोंडाला कुलूप नव्हतं. “आजवर माझं एकही पाणी हुकलं नाही,” असं तो नव्या मुलांना चहा पिता पिता सांगत होता. अक्का शेजारच्या टेबलावर कापसाचे बोळे वळत होत्या. “भाऊ, गेल्या आठवड्यात चौदा नंबरचं पानी कोनी काढलं?” त्यांनी विचारलं. भाऊ म्हणाला, “ते मॅडमनी काढलं.” मॅडम म्हणजे मी. “सुरुवात कोनी केली व्हती?” भाऊने चहाचा कप तोंडाला लावला. “जे निघालं नाही ते आपलं नव्हतंच, असं मोजायचं असलं तर माझी म्हैस बी आजवर हुकली नाही,” अक्का म्हणाल्या आणि बोळे वळत राहिल्या. त्या दिवसापासून भाऊचं नाव वॉर्डात काय पडलं हे सांगायची गरज नाही.

नातेवाईक घाबरून विचारायचे, “निघंल ना पाणी?” आम्ही सगळे घाईघाईने “हो हो” म्हणायचो. अक्का म्हणायच्या, “बऱ्याच वेळा निघतं. दर वेळी नाही.” मला याचा मनस्वी राग येई. सही करायला माणूस तयार झालेला, पेन हातात घेतलेलं, आणि या बाईने मधेच खोडा घालायचा! मी एकदा त्यांना बाजूला घेऊन तसं बोललेही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि पुढच्या पेशंटच्या मुलाला पुन्हा तेच सांगितलं.

पण पाठ धरावी तर त्यांनीच. पाणी नीट निघायला पेशंटने कुशीवर झोपून गुडघे पोटाशी घ्यावे लागतात, हनुवटी छातीला टेकवावी लागते, म्हणजे मणके फाकतात. दुखणाऱ्या, भ्यालेल्या माणसाला हे “वाका, अजून वाका” म्हणून जमत नाही, उलट तो ताठरतो. अक्का ज्याला त्याला त्याच्या धंद्यातलं वाकणं सांगायच्या. शेतातल्या बाईला, “वाकी जाय माय, कापूस येचाले वाकस ना, तशी.” केळीच्या बागेतल्या माणसाला घड खांद्यावर घ्यायला लावायच्या. शिंप्याला मशीनच्या सुईत दोरा ओवायला सांगायच्या. एक सहा फुटी हवालदार लहान पोरासारखा रडत होता, त्याला म्हणाल्या, “हवालदारसाहेब, बुटाची लेस सुटली ना तुमची, बांधा बरं.” हवालदार रडता रडता वाकला आणि मी पहिल्या झटक्यात पाणी काढलं. आपला हात काय बसलाय, या समाधानात मी दोन दिवस होते. लेस कुणी बांधायला लावली याचा मला सोयिस्कर विसर पडला होता.

“सुई तुमची, पाठ माझी,” हे त्यांचं नेहमीचं वाक्य. पाणी निघालं नाही की बाकीच्या मावश्या डॉक्टरकडे बघत, अक्का स्वतःच्या हाताकडे बघत. आपण थोडं आणखी वाकवायला हवं होतं, खांदा मागे पडला, असं काहीतरी पुटपुटत. आणि दोनदा हुकलं की त्यांचा नियम ठरलेला होता. “दोन झाले. हात बदला.” मग समोर कुणीही असो, तिसऱ्यांदा सुई उचलली की अक्का पेशंटची पाठ सोडून सरळ उभ्या राहायच्या. पाठ धरायलाच कुणी नाही म्हटल्यावर डॉक्टर करणार काय! सरांच्या बाबतीतही त्यांनी एकदा हे केलं होतं असं सांगत, आणि सरांनी निमूटपणे सुई दुसऱ्याच्या हाती दिली होती म्हणे.

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात माझे दिवस फिरले. का कोण जाणे, पण ओळीने चार-पाच जणांचं हुकलं. दोन पट्ट्या, हात बदला. पुन्हा दोन पट्ट्या, हात बदला. भाऊ येऊन एका टोचणीत काढून जाई आणि जाताना काही बोलत नसे, तेच जास्त झोंबायचं. सर एका राउंडला म्हणाले, “तुला हा विषय पुढे करायचाय ना? विचार कर.” मी वरवर हसले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. मग मी टाळाटाळ सुरू केली. पाणी काढायचं असलं की मला नेमकं कॅज्युअल्टीत काम निघे.

हे सगळ्यांच्या नजरेतून सुटलं, अक्कांच्या सुटलं नाही. एका दुपारी त्यांनी डबा उघडून कळण्याच्या भाकरीचा अर्धा चतकोर माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, “हात खराब नाही तुमचा. घाई खराब शे. हुकेल, हुकेल असं मनात धरून टोचता, मंग लवकर संपवायला बघता.” मी म्हटलं, “अक्का, तुम्हाला सांगायला काय जातं! तुम्ही थोडंच टोचता?” बोलून गेले आणि जीभ चावली. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. “खरं शे,” म्हणाल्या आणि लोणच्याची फोड पुढे केली.

त्यानंतर आठवड्याभरातच रुपाली वॉर्डात आली. वीस-एकवीस वर्षांची मुलगी. दोन आठवडे ताप, डोकेदुखी, उलट्या, आणि आता दोन दिवसांपासून भ्रमात बडबड. मान लाकडासारखी ताठ. सोबत तिचे वडील, ज्यांना त्यांच्या बरोबरची माणसं आबा म्हणत, आणि गावातली सहा-सात जणं. डोक्याचा स्कॅन झाला होता, पाणी काढायला हरकत नव्हती. मेंदूच्या आवरणाला सूज आहे हे दिसत होतं. पण कशाने, ते पाणी बघितल्याशिवाय कळणार नव्हतं. साधा जंतू असेल तर औषध वेगळं, क्षय असेल तर वेगळं, ते महिनोन्‌महिने चालणारं. आम्ही सुचेल ते सुरू केलं होतं, पण ते आंधळेपणाने मारलेले दगड. उशीर झाला तर पोर जाईल, किंवा राहिली तरी तिचं बोलणं-चालणं जाईल, हे मला स्पष्ट दिसत होतं.

आबांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. “पाठनं पानी काढू देवाव नही. आमना शेजारना गावमा एक जनले सहा येळा टोचं. तो वाचना नही.” बरोबरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. पाठीचं पाणी काढलं की माणूस लुळा होतो, जातो, हे त्यांच्या भागात पक्कं बसलेलं होतं. सर त्या दिवशी जळगावला एका लग्नाला गेलेले. फोनवर म्हणाले, “काहीही करून समजाव आणि काढ. मी यायला संध्याकाळ होईल.” भाऊ रजेवर. उरलेला ज्युनिअर डॉक्टर नुकताच आलेला, त्याने अजून सुई हातात धरलेली नव्हती. म्हणजे मीच.

मी आबांना म्हटलं, “आबा, काही होत नाही. शंभर टक्के निघतं पाणी.”

“मॅडम, असं म्हनू नका,” मागून अक्का म्हणाल्या. मी वळून बघितलं तेव्हा माझ्या डोळ्यांत काय होतं हे मला आरशाशिवायही सांगता येईल. अक्का पुढे आल्या आणि आबांच्या समोर बाकावर बसल्या. “शंभर टक्के कोनीच सांगू शकस नही, आबा. बराच येळा निंघस. कधी नही बी निंघत.” मग म्हणाल्या, “त्या माणूसनी पाठ कोनी धरी व्हती, माहीत शे? मी धरी व्हती.”

आबांच्या बरोबरची माणसं जवळ सरकली. तो माणूस अक्कांच्याच गावचा होता, हे मला तेव्हा कळलं. अक्का सांगत गेल्या. तो माणूस पन्नाशीचा होता. डॉक्टर नवखा होता, हट्टाला पेटला होता. दर टोचणीला तो माणूस विचारायचा, झालं का? आणि अक्का त्याचे खांदे दाबून सांगायच्या, झालंच, आता एकच. असं सहा वेळा सांगितलं. शेवटी पाणी निघालं नाही ते नाहीच, आणि सगळी भोकं झाकायला एक मोठी पट्टी लावून दिली. संध्याकाळी तो माणूस कुणाला न सांगता कपडे घालून घरी निघून गेला. औषधं नको, दवाखाना नको, काहीच नको म्हणाला. पंधरवड्यात गेला. “सुईनं गेला नाही तो,” अक्का म्हणाल्या. “आजार मोठा व्हता. पन आम्ही खोटं बोललो म्हनून तो पळाला. थांबला असता तर कदाचित वाचला असता. हे मला माहीत शे.”

मी तिथेच उभी होते. दीड वर्ष ज्या पट्ट्यांवरून मी या बाईशी भांडत होते त्या पट्ट्या तिने का सुरू केल्या ते मला असं, परक्या माणसांच्या घोळक्यात उभं राहून कळत होतं. मला माझीच लाज वाटली, ती अजूनही आठवली की वाटते.

 आबांनी कागद मागून घेतला. “बठ्ठा डॉक्टर हो हो म्हनतस. ही एक बाई खरं बोलनी,” असं बरोबरच्यांना सांगून त्यांनी सही केली आणि पेन माझ्या हातात देताना दोन बोटं वर केली. “दोन येळा. तिसरी येळ नही.” मी म्हटलं, “दोनच.”

पहिल्या टोचणीचं काही सांगण्यासारखं नाही. रुपाली तडफडत होती. अक्का तिच्या कानाशी, “वाकी जाय माय, कापूस येचाले वाकस ना,” म्हणत होत्या, आणि ती जितकं ऐके तितकी ताठ होई. मी फट शोधली, सुई घातली, हाड लागलं. थोडी तिरकी केली, पुन्हा हाड. काढली. अक्कांनी पट्टी लावली. एक संपली.

 आता ही दुसरी हुकली की संपलं. आबा तिसरी करू देणार नाहीत आणि त्यांचं बरोबरच असेल. सुई ट्रेमध्ये ठेवून संध्याकाळी सरांची वाट बघावी का? तेवढा वेळ पोरीकडे आहे का? मी अक्कांकडे बघितलं. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या रुपालीच्या हातांकडे बघत होत्या. हात उलटेपालटे करून त्यांनी बोटं निरखली. “मॅडम, थांबा,” त्या म्हणाल्या. “पाठ माझी चुकली.”

दार उघडून त्यांनी आबांना आत बोलावलं. नातेवाइकांनी आत यायचं नाही हा नियम त्यांनीच इतकी वर्षं राखला होता. “आबा, पोर काय काम करस?”

“मेंदी काढस,” आबा म्हणाले. “नवरीस्ना हातपायले. लगीनना दिनमा तिले येळच नही ऱ्हात.”

अक्कांनी कपाळावर हात मारून घेतला. “खेड्यातली पोर म्हनून मी कापूस म्हटलं. ही शेतात कधी गेलीच नाही. तळव्याला एक घट्टा नाही, अन्‌ मी तिला कापूस येचायला लावते!” मग त्यांनी भराभर व्यवस्था बदलली. रुपालीला पलंगाच्या कडेला बसवलं, मांडीवर उशी दिली, समोर स्टुलावर आबांना बसवलं, त्यांच्या तोंडाला मास्क बांधला आणि पोरीचं डोकं त्यांच्या खांद्याशी आणलं. “सांगा तिला, आबा. तिचं काम सांगा.”

आबांनी पोरीच्या कानाशी तोंड नेलं.  “बेटा,” ते म्हणाले, “नवरी बठेल शे. तिना पायले मेंदी काढनी शे. वाक बरं.”

मी पाठीमागे होते, मला तिचा चेहरा दिसत नव्हता. पण पाठ दिसत होती. ताठ झालेली ती पाठ आधी थरथरली आणि मग हळूहळू पुढे गेली, एकेक मणका वर येत गेला. मान ताठ होती ती ताठच, पण कंबर वाकली. तिचा उजवा हात उशीवर आला आणि बोटं मिटली, कोन धरल्यासारखी. आबांच्या पावलाकडे तो हात सरकत होता. “आस्सं,” अक्का अगदी हळू म्हणाल्या, “आता कोनी बोलू नका.”

या खेपेला मला घाई नव्हती. ती कुठे गेली देव जाणे. मी फट शोधली, पुन्हा चाचपली, दीर्घ श्वास घेतला आणि सुई घातली. हाड नाही. थोडी आत, आणखी थोडी. मग तो बारीकसा झटका जाणवला, आणि सुईच्या बाहेरच्या टोकाशी थेंब आला. तो खाली पडायच्या आत मी बाटली धरली. दुसरा थेंब. तिसरा. मला इतकं हलकं वाटलं की तिथेच खाली बसावंसं वाटलं. ज्युनिअर डॉक्टर बाटल्या बदलत होता आणि मी मास्कच्या आत मोठ्याने हसत होते. हसत होते की रडत होते, अक्कांना विचारा. त्यांनी दुसरी पट्टी लावली आणि आबांना पाठ दाखवली. “दोन.” आबांनी मोजल्या आणि डोकं पोरीच्या डोक्यावर टेकवलं.

रिपोर्ट क्षयाकडे बोट दाखवत होता. मोठं दुखणं, पण औषध असलेलं, आणि वेळेत सापडलेलं. संध्याकाळी सर लग्नातले कपडे घालूनच आले, रुपालीला कुशीवर वळवून पाठ बघितली, मग रिपोर्ट बघितला आणि मला फक्त, “जेवलीस का?” एवढंच विचारलं. पुढचा विषय मी तोच निवडला, हे त्या प्रश्नातच ठरलं असावं. आठव्या दिवशी रुपालीने आबांना ओळखलं. दहाव्या दिवशी तिने मावशींना चहात साखर कमी आहे म्हणून सुनावलं, आणि सगळा वॉर्ड खूश झाला. महिन्याभराने ती भिंतीला धरून चालत घरी गेली. वर्षभराच्या गोळ्या तिने एकही न चुकवता घेतल्या.

अक्कांच्या निवृत्तीला तेव्हा चार-पाच महिने उरले होते. त्या काळात त्यांच्या बाजूच्या खेड्यांतून येणारे लोक पाण्याचं नाव काढल्यावर पूर्वीसारखे उठून जात नसत. “आबानी पोर बरी व्हयनी ना,” असं आपसात बोलून सही करत. मी काही खूप तरबेज झाले असं नाही. हुकायचं ते हुकतच राहिलं, आजही कधीकधी हुकतं. फक्त हुकलं की मी ते सांगायला शिकले.

त्यांच्या शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. पस्तिशीचा एक माणूस आपल्या आईला घेऊन आला. बाईंच्या पायांतली ताकद तीन-चार दिवसांत गेली होती. मी त्याला सगळं समजावलं. तो ऐकत होता, पण बघत अक्कांकडे होता. अक्का दाराशी उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता. रंग उडालेला. केसपेपरवर गाव अक्कांचंच होतं, आणि कुणी न सांगता मला कळलं की हा कोण. त्या पळून गेलेल्या माणसाचा मुलगा.

तो उठून त्यांच्यासमोर गेला. मला वाटलं, आता बोलेल. इतक्या वर्षांचं काहीतरी बोलेल. तो म्हणाला, “मनी माय शे, अक्का. पाठनं पानी काढानं सांगेल शे. तुम्हीच धरा.”

अक्कांनी धरली. वयस्क पाठ, फटी बुजत आलेल्या. पहिली हुकली. दुसऱ्या टोचणीत पाणी आलं. अक्कांनी दोन पट्ट्या लावल्या आणि मुलाला आत बोलावून दाखवल्या. “दोन येळा टोचनं पडं,” त्या म्हणाल्या. तो म्हणाला, “दिखनं माले.” मग त्याने आईच्या अंगावरची चादर नीट केली. त्या बाई पुढे बऱ्या झाल्या आणि काठी टेकत घरी गेल्या.

त्या दुपारी अक्का हात धुवायला नळाशी गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत. मी बघायला गेले. नळ चालूच होता, त्या पदराने डोळे पुसत होत्या. मला बघून हसल्या.

“मॅडम,” त्या म्हणाल्या, “किती वर्षं झाली, स्टँडवरून घरी जाताना मी वळसा घेते. नाल्याच्या कडेनं, काट्यातून. पावसाळ्यात दोनदा पडले बी. लेक विचारते, सरळ रस्ता असताना का गं आई? काहीतरी सांगते तिला. सरळ रस्त्यावर त्यांचं घर लागतं ना.” त्यांनी नळ बंद केला. “आज त्यांच्या दारावरून जाईन.”

पाचच्या गाडीला अजून अवकाश होता. पण अक्का तशाच ओल्या हातांनी पिशवी उचलून निघाल्या.